वाजवून घेतलेला रांजण

मी एक जुना रांजण आहे. मोहाडीत एका कोष्ट्याच्या घरामागे जी सांदवाडी आहे, म्हणजे तुमच्या भाषेत परसू, तिच्या अगदी शेवटच्या कोपऱ्यात कुंपणाला टेकून मी उभा आहे. पोटात पेरूची वाळलेली पाने आहेत आणि कोळ्याची दोन जाळी आहेत. मित्रांनो, रांजण बोलू लागला म्हणून हसू नका. मला स्वतःचा आवाज नाहीच. माझ्या तोंडाशी कोणी बोलले तर त्याचा आवाज मोठा करून परत द्यायचा, एवढीच माझी करामत होती. ती आता गेली, आणि ती गेल्यामुळे एका बाईचे जे झाले ते सांगण्यासाठी मी तोंड उघडले आहे. तसे ते कायमच उघडे असते.

ज्या वर्षी भंडारा जिल्ह्याची वाटणी होऊन गोंदिया वेगळा निघाला, त्या वर्षी कारध्याच्या सोमाजी कुंभाराने मला घडवले. वैनगंगेच्या काठची माती, तिच्यात धानाचा कोंडा. गळा चाकावर उतरला आणि पोट थापीने ठोकून ठोकून वाढवले. तो मार मी विसरलेलो नाही. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मला देवपण काही आले नाही, नुसते पोट आले. आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, माझ्या दोन्ही बाजूंचे रांजण तडकले आणि मी सलामत बाहेर पडलो. याचा मला पुढे पुष्कळ वर्षे गर्व होता.

सुमित्राबाई आणि त्यांचे यजमान बाबूलाल मला घ्यायला आले. दोघेही माग चालवणारे, कोशाचे रेशमी कापड विणणारे. बाबूलाल मला चारही बाजूंनी न्याहाळू लागले, तेव्हा सोमाजीने त्यांना बाजूला केले आणि बाईंना पुढे बोलावले.

"रांजन पाहून नाही घेवाचा, बाई," तो म्हणाला. "वाजवून घेवाचा. मानूस खोटं बोलंल, फुटका रांजन खोटं बोलत नाही."

सुमित्राबाई खाली वाकल्या, माझ्या तोंडाला कान लावला आणि बोटाच्या पेराने माझ्या पोटावर टकटक केली. मी 'ठण्ण' असा वाजलो. त्या हसल्या आणि म्हणाल्या, हाच. एवढ्यावर माझे ठरले. पुढे त्या घरात काहीही मातीचे यायचे असले, घागर असो की कुंडी, बाई पहिले ते वाजवून बघत. ज्या वस्तूने नीट उत्तर दिले नाही ती परत जाई.

त्या घरात मी बारा-तेरा वर्षे काम केले. मागाच्या खोलीत एका कोपऱ्यात मला बसवले होते. सुताला द्यायची तांदळाची खळ माझ्यात भिजे, नाहीतर कोशाच्या लडी धुवायचे पाणी साठवलेले असे. बाबूलाल मागावर बसत आणि धोटा इकडून तिकडे फेकत. सुमित्राबाई माग आणि मी यांच्या मधोमध बसून त्या धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरत. दिवसभर खटाक खट, खटाक खट. माझे पोट त्या आवाजाने सतत घुमत असे, आणि मी मूर्खासारखा खूश होऊन तो आवाज आणखी मोठा करत असे. बाईंचे कान तिथेच, माझ्यापासून हातभर अंतरावर होते.

मित्रांनो, ते कान कशामुळे गेले हे मला नक्की ठाऊक नाही. वयाने गेले असतील, मागाने गेले असतील. पण त्यात माझाही वाटा असेल ही शंका मला आजही सोडत नाही.

बारीक आवाज आधी गेले. पहिल्यांदा बांगड्यांचा किणकिणाट, मग चिमण्या, मग कुकरची शिटी. मुलगा हेमराज, त्याचा आवाज पिपाणीसारखा. तो बोलला की बाई त्याच्या ओठांकडे बघत. सून रुचिका घरात आली, तिचा आवाज तर बाईंनी कधी ऐकलाच नसेल. जाड, घोगरे आवाज तेवढे मागे राहिले होते. बाबूलालांचा आवाज चांगला जाड होता, म्हणून त्या दोघांचे बोलणे शेवटपर्यंत चालू राहिले. मग बाबूलाल गेले. माग सुटा करून त्याची लाकडे माळ्यावर टाकली गेली. घरात बाईंना ऐकू येईल असा एकही आवाज उरला नाही.

हेमराजने त्यांना भंडाऱ्याच्या डॉक्टरकडे नेले. कानात घालायचे यंत्रही आणले. ते घातले की भांडी आपटल्यासारखा गोंगाट होतो, माणूस काय बोलतो ते कळतच नाही, म्हणून बाईंनी ते डबीत ठेवून दिले. डॉक्टर म्हणाला होता की थोडेसे उरले आहे, तेही एक दिवस जाईल. हेमराजने हे त्यांना खुणा करून, चार शब्द पाटीवर लिहून सांगितले. तेव्हापासून बाई त्या एका दिवसाची वाट बघू लागल्या.

माझीही तीच गत झाली. खळ नको, लडी नकोत, मग रांजण कशाला? मला सांदवाडीत घराच्या मागच्या भिंतीला लावून ठेवले. पावसाचे पाणी पोटात साचू लागले. कोणी विचारपूस करीना. कामापुरता मामा, हे मी तिथे शिकलो.

पण रिकामा बसलो म्हणून एक गोष्ट मला दिसली, जी मागाच्या खोलीत कधी दिसली नसती. आवाज मोठा करण्याची करामत फक्त मलाच येते असे मी समजत होतो. सांदवाडीने माझी घमेंड उतरवली. जमिनीत बीळ करून राहणारा एक मातकट रातकिडा होता. तो बिळाचे तोंड लग्नाच्या मांडवातल्या भोंग्यासारखे पसरट करी. थोडे कोरायचे, आत बसून थोडे किरकिरायचे, जमले नाही की पुन्हा बाहेर येऊन कडा सारख्या करायच्या. बीळ मनासारखे झाले की बोटाएवढ्या त्या जीवाचा आवाज चार घरे ओलांडून जाई. रानतुळशीच्या झुडपात दुसरा एक रातकिडा होता, हिरवट आणि पातळ. तो पानाला कुरतडून बरोबर मधोमध एक भोक पाडी आणि त्यात डोके खुपसून पंख वाजवी. एरवी पंखांच्या पुढचा आवाज आणि मागचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतात. मध्ये पानाची भिंत आली की ते भांडण मिटते. हे त्याला कोणत्या शाळेत शिकवले होते, देव जाणे. त्यांना घर मोठे नको होते, दागिने नको होते. आपली हाक लांब जावी एवढ्यासाठी बिचारे जन्मभर खटपट करत होते.

पण बाईंना यांतले काहीच ऐकू येत नव्हते. ते सगळे बारीक आवाज.

मग एका पावसाळ्यात बेडूक आला. मूठभर, तपकिरी, गोल पोटाचा. दिवेलागणीला तो माझ्यात उतरला, पाण्यात अर्धा बुडून बसला आणि त्याने गळा फुगवला. पहिली हाक साधीच होती. मग त्याने थोडी खालच्या सुरात हाक मारली, मग वरच्या, मग पुन्हा खालच्या. तो शोधत होता. बराच वेळ असे चालले आणि एका सुराला माझे पोट एकदम घुमले. तुम्हाला कसे सांगू? मागाची खटखट मी बारा-तेरा वर्षे घुमवली होती, पण ती माझ्यावर येऊन आदळायची. हा जीव मात्र मला विचारत होता, आणि मी हो म्हटले. त्याने तो सूर धरून ठेवला. माझ्या तोंडातून असा जाड, घुमणारा हुंकार निघाला की पलीकडच्या गोठ्यातल्या गायीने मान वळवली.

सुमित्राबाई मागच्या दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांचे हात थांबले. त्या इकडेतिकडे बघू लागल्या.

"कोन आवाज देऊन राहिलं मले?" त्या म्हणाल्या.

रुचिका बाहेर आली. बाई सूप खाली ठेवून माझ्याकडे आल्या, काठावर हात ठेवला, आत डोकावल्या. बेडूक गप्प झाला. त्या हलल्या नाहीत. थोड्या वेळाने त्याने पुन्हा हाक मारली, आणि बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले.

"आयकू येऊन राहिलं, रुचिका," त्या म्हणाल्या. "ह्यायचा आवाज असाच होता." ह्यायचा म्हणजे बाबूलालांचा.

तो बाईंसाठी गात नव्हता, मित्रांनो. त्याला बेडकी हवी होती, आणि त्या पावसाळ्यात दोघी आल्याही. पण एकाची हाक दुसऱ्याच्या उपयोगी पडली तर त्यात काय वाईट आहे?

त्या दिवसापासून बाईंचा नेम सुरू झाला. पाणी किती असले की बेडकाचा सूर जमतो हे त्यांनी चारच दिवसांत हेरले. पाणी वर चढले की माझे पोट लहान होते, आटले की मोठे होते, आणि दर वेळी त्या बिचाऱ्याला नव्याने सूर शोधावा लागतो. म्हणून त्यांनी मागाची एक रिकामी कांडी दोऱ्याने माझ्या गळ्याला बांधून आत सोडली. कांडी पाण्याला नुसती टेकली पाहिजे. लोंबकळली की एक लोटा पाणी घालायचे, तरंगली की तेवढे काढायचे. जन्मभर कांड्या भरलेल्या बाईचे ते माप होते, कधी चुकले नाही. हिवाळा आला की बेडूक मातीत गाडून घेई, बाई कांडी काढून आत खुंटीला टांगत आणि पुढच्या पावसाळ्याची वाट बघत.

रोज संध्याकाळी त्या येत, काठावर तळवा ठेवत आणि हाक ऐकत. मग घरात जाऊन सांगत की आज आले ऐकू, अजून कान आहेत. घरी कोणी विचारलेले नसे. त्या स्वतःलाच सांगत. त्या बोलू लागल्या होत्या, शेजारच्या लीलाबाईंकडे बसायला जाऊ लागल्या होत्या. कोणी मोठ्याने, खालच्या आवाजात, तोंड जवळ आणून बोलले तर चारातले दोन शब्द त्यांना लागत, कारण त्या ऐकायचा प्रयत्न करत होत्या. असे चार पावसाळे गेले. माझ्या आयुष्यातले तेच काय ते सुखाचे दिवस.

पाचव्या पावसाळ्यात घरात मोनिका आली. रुचिकाची पहिली मुलगी, अशक्त, रडवी. तिचा पाळणा ज्या भिंतीशी टांगला होता, त्याच भिंतीच्या पलीकडे मी. दिवेलागणीला पोराचा जेमतेम डोळा लागे आणि माझ्या पोटातून हुंकार निघे. पोर दचकून उठे. रुचिका तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारी आणि भिंतीकडे बघत राही. मी तिला दोष देत नाही. ज्याचे जळते त्याला कळते. ती सासूला एकदाही उलट शब्द बोलली नाही, तिने रांजणात काठी घातली नाही. सुमित्राबाई चार दिवस नाकाडोंगरीला बहिणीकडे गेल्या तेव्हा तिने हेमराजला एवढेच सांगितले की रांजण जरा लांब नेऊन ठेवा, फेकू नका, आईंचा जीव आहे त्यात.

हेमराजने शेजारून कोणाला हाताला बोलावले असते तर ही गोष्ट मी सांगत बसलो नसतो. त्याने मला तिरपा केला आणि बुडाच्या कडेवर फिरवत फिरवत एकट्याने न्यायला निघाला. बेडूक उडी मारून गवतात गेला. वाटेत धुण्याचा दगड आहे. तिथे माझे पोट आपटले. आवाज फार झाला नाही. गळ्यापासून कमरेपर्यंत केसाएवढी एक चीर गेली.

त्याने ती पाहिली. घरात उरलेले सिमेंट कालवून बोटाने चिरेत भरले आणि ती बाजू कुंपणाकडे करून मला ठेवले. मायला दिसू नये, उगाच जिवाला लागेल, असा त्याचा विचार. रुचिकालाही तो बोलला नाही. पाणी घालून बघितले, गळत नव्हते, त्याचे समाधान झाले. ज्या घरात साधी कुंडीही वाजवून घेतात, त्या घरच्या मुलाने मला एकदाही वाजवून पाहिले नाही.

बाई परत आल्या. जागा बदललेली बघून थोड्या हिरमुसल्या, मग पाळण्याकडे बघून समजल्या. त्यांनी पाणी मापात केले, कांडी बांधली. तिसऱ्या दिवशी बेडूक परत आला. संध्याकाळी बाई येऊन काठावर तळवा ठेवून उभ्या राहिल्या. बेडकाने गळा फुगवला. पहिली हाक, दुसरी, खालचा सूर, वरचा सूर. तो शोधत राहिला आणि मला हो म्हणता येईना. चिरलेल्या पोटात सूर धरतच नाही. माझ्यातून जी निघत होती ती त्याची नुसती बारीक, उघडी हाक होती, आणि बारीक आवाज तर बाईंच्या कानांतून केव्हाच गेलेले.

त्यांना दिसत होते की गळा फुगतो आहे, बसतो आहे, पुन्हा फुगतो आहे. त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग खाली वाकल्या, माझ्या तोंडाला कान लावला आणि कारध्याला केली होती तशीच बोटाच्या पेराने टकटक केली.

मी 'भद्' असा दबका वाजलो, मित्रांनो. फुटका रांजण खोटे बोलत नाही. मी अगदी खरे बोललो, सांगितले की मी फुटलो आहे. पण ते ऐकायला जेवढा कान लागतो तेवढा त्यांच्यापाशी नव्हता. त्यांना काहीच ऐकू आले नाही. रांजण नवा होता तेव्हा त्यांनी कानाने रांजण पारखला होता. आता रांजणाने कान पारखला, आणि बाईंनी दोष कानाला दिला.

त्या घरात गेल्या. हेमराज जेवायला बसला होता.

"गेले," त्या म्हणाल्या. "तो बोंबलून राहिला अन् मले काहीच आयकू नाही आलं. रांजन वाजवून पाह्यला, तोही नाही आयकू आला. माहे कान गेले, बाबू."

हेमराजचा हात ताटातच थांबला. चिरेची गोष्ट त्याच्या मनात आली असेल का? आली असती तर तो बोलला असता असे मला वाटते. पण त्याच्या डोक्यात डॉक्टरचे बोलणे पक्के बसले होते. एक दिवस जाईल म्हणाला होता, तो दिवस आला. रुचिकाला मात्र चैन पडेना. रांजण जागेवर आणून ठेवू या का, असे तिने दोनदा विचारले.

"आता काय फायदा?" हेमराज म्हणाला. "रांजन जवळ आनून मायचे कान येनार आहेत का?"

बेडूक आणखी पंधरा दिवस हाका मारत राहिला. एकही बेडकी आली नाही. मग एके दिवशी तो कुंपणाखालून निघून गेला. त्याचे बरे आहे, त्याला दुसरे मडके सापडेल.

सुमित्राबाईंना दुसरे काय सापडणार? त्यांनी लीलाबाईंकडे जाणे सोडले. कोणी तोंड जवळ आणून बोलू लागले तर त्या हाताने नको म्हणतात. चारातले दोन शब्द अजूनही लागतील त्यांना, कान होते तेवढेच आहेत, त्यांतले काडीभरही कमी झालेले नाही; पण त्या आता ऐकतच नाहीत. मोनिका तीन वर्षांची झाली. तिचा आवाज बापासारखा नाही, आजोबांसारखा जाड आहे. परवा ती माझ्यात डोके घालून "आजी" म्हणून ओरडली. मी धड असतो तर ती हाक अशी घुमवली असती की ओसरीपर्यंत गेली असती. बाई ओसरीवर पाठ करून बसल्या होत्या. आजवर नातीने मारलेली एकही हाक त्यांनी ऐकलेली नाही.

अशा गोष्टीच्या शेवटी आम्ही जुन्या वस्तूंनी तुम्हाला जपण्याची विनंती करायची असते. मला जपा असे मी म्हणणार नाही, माझ्यात जपण्यासारखे काही राहिले नाही. पण एखाद्याला ऐकू येत नाही असे ठरवून टाकण्याआधी, त्याच्यापर्यंत आवाज नेणारे जे काही होते ते धड आहे का, एवढे बघत जा. आणि मोहाडीला कधी आलात, तर मला एक टिचकी मारा. तुमचे कान चांगले आहेत, तुम्हाला लगेच कळेल. मग ओसरीवर जा आणि पाटीवर लिहून बाईंना सांगा की फुटला तो रांजण, कान नव्हे.

मात्र लवकर या. मी अडगळ झालो आहे, विंचू-काट्याची भीती आहे, म्हणून येत्या रविवारी मला फोडून खापऱ्या पेरूच्या आळ्यात टाकायचे हेमराजने ठरवले आहे. तो घण मारील तेव्हा चिरलेल्या मातीचा काय आवाज व्हायचा तेवढाच होईल. सुमित्राबाई ओसरीवर बसलेल्या असतील. त्या मान वळवणार नाहीत, आणि हेमराज रुचिकाला म्हणेल की बघ, एवढा रांजण फोडला तरी मायला काही ऐकू आले नाही.